शालूचे नाव आणि नावाचा कायदा

मणिकर्णिकेच्या उत्तरेस असलेला शिंदे घाट ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी इ. स. १८३० च्या सुमारास बांधविला. पुढे इंग्रजी वळणाने ‘शिंदे’चे ‘सिंदिया’ झाले. आम्हां मराठी मंडळींच्या तोंडी मात्र तो शिंदे घाटच राहिला. नाव कोणाचे व ते लावण्याचा अधिकार कोणास, हा प्रश्न येथे सहज सुचतो. या घाटांवर स्नान करून परतणाऱ्या आमच्या यात्रेकरूंच्या सामानात गंगाजलाच्या गडूबरोबर लेकीसाठी घेतलेला बनारसी शालूही असे. त्या शालूच्या नावाची कायदेशीर हकीकत येथे थोडक्यात देत आहोत.

आपल्याकडे व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा १९४० साली झाला. तोवर नावाची चोरी झाल्यास ग्राहक फसतो हे दर वेळी न्यायालयात सिद्ध करावे लागे. या कायद्याला पुढे वळण देणाऱ्यांत न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांचे नाव अग्रगण्य होय. त्यांनी १९५५ साली कायद्याच्या सुधारणेविषयी अहवाल दिला. १९५८ साली नवा कायदा झाला. सर्वोच्च न्यायालयात असताना, ‘नवरत्न’ या औषधी नावाच्या १९६४ च्या निकालात त्यांनी एक महत्त्वाचा भेद स्पष्ट केला. साध्या तोतयेगिरीच्या दाव्यात वेष्टन निराळे असल्यास प्रतिवादी सुटू शकतो; परंतु नोंदलेल्या चिन्हाचा गाभाच उचलला असेल, तर निराळ्या वेष्टनाची सबब चालत नाही.

शालूस मात्र या संरक्षणाचा उपयोग नव्हता. ‘बनारस’ हे स्थळाचे नाव. ते एकाच व्यापाऱ्याच्या मालकीचे करणे इतरांवर अन्यायाचे झाले असते. म्हणून नाव सर्वांचे राहिले आणि राखणदार कोणीच नव्हता. परगावच्या यंत्रमागावरील कापड ‘बनारसी’ म्हणून स्वस्तात विकले जाऊ लागले, आणि मदनपुऱ्यातील व अलईपुऱ्यातील हातमाग विणकराच्या पोटावर पाय आला.

ही उणीव भौगोलिक निर्देशनाच्या १९९९ च्या कायद्याने भरून काढली. तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. येथे हक्क एका व्यक्तीचा नसून त्या प्रदेशातील उत्पादकांचा असतो. बनारसी साड्या व किनखाब यांची नोंद २००९ साली झाली. वाराणसीबरोबर मिर्झापूर, चंदौली, भदोही, जौनपूर व आझमगढ हे जिल्हेही तीत आले. खोटे निर्देशन लावणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कैदेची तरतूद आहे. आपल्या पैठणीसही पुढे असेच संरक्षण लाभले.

तथापि नोंदणी झाली म्हणजे विणकराचे दैन्य फिटले, असे नव्हे. विणकराने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद करावी लागते, आणि ग्राहकानेही चोखंदळ असावे लागते. आमच्या घरांतून आजही वधूच्या अंगावर शालू चढतो. तो घेताना हातमागाचा आहे काय, हे दुकानदारास विचारावे व पावतीवर तसे लिहून घ्यावे. नावाचा मान राखण्यात आपलाही एवढा वाटा आहे, असे आम्हांस वाटते.