उसन्या आरमाराचें मोल

वर्धा जिल्ह्यांतील तळेगाव (श्यामजी पंत) हें गांव नागपूर-अमरावती रस्त्यावर आहे. तेथून पूर्वेकडे जा कीं पश्चिमेकडे, समुद्र शेकडों मैल दूर. अशा ठिकाणच्या माणसाला आरमार ही किनाऱ्यावरच्या लोकांची बाब वाटली तर नवल नाहीं. नवल याचें कीं, अठराव्या शतकांत पुण्याच्या दरबारालाहि ती बहुतांशीं तशीच वाटली. आणि पुणें कांहीं समुद्रापासून इतकें दूर नव्हतें.

कुलाब्यावर १७२१ त इंग्रज व पोर्तुगीज मिळून चालून आले, तेव्हां कान्होजी आंग्र्यांनीं त्यांस परतविलें. त्यांचे पुत्र तुळाजी यांनीं विजयदुर्गीं बसून मुंबईकर इंग्रजांवर तोच धाक ठेविला. १७४९ त कंपनीचें ‘रिस्टोरेशन’ हें जहाजहि पकडलें. परंतु तुळाजी पेशव्यांस जुमानीत नव्हते. घरचा तंटा मिटविण्यास नानासाहेब पेशव्यांपाशीं समुद्रावरचें बळ पुरेसें नव्हतें. तें त्यांनीं १७५५ च्या तहानें इंग्रजांकडून उसनें घेतलें. कमोडोर जेम्स यानें सुवर्णदुर्ग घेतला, आणि १७५६ च्या फेब्रुवारींत ॲडमिरल वॉटसन व क्लाइव्ह विजयदुर्गापुढें येऊन ठेपले. भडिमारांत एक गोळा नेमका त्या पकडलेल्या ‘रिस्टोरेशन’वर पडला. आग एका गलबतावरून दुसऱ्यावर गेली, आणि तुळाजींचें बहुतेक सारें आरमार त्या एका दिवसांत जळून गेलें. किल्ला इंग्रजांनीं बळकाविला. पेशव्यांच्या हातीं तो यावयास ऑक्टोबर उजाडला, व बाणकोट इंग्रजांकडेच राहिलें. तुळाजींचा उरला जन्म कैदेंत गेला. पेशव्यांचें आरमार पुढें धुळपांनीं नांवारूपास आणलें हें खरें; तथापि वॉटसन व क्लाइव्ह त्याच वर्षअखेर बंगाल्यांत उतरले होते, आणि १७५७ त प्लासी झाली.

उसन्या बळाचा हा प्रश्न दोनशें वर्षांनीं निराळ्या रूपानें पुन्हा पुढें आला. १९७१ च्या डिसेंबरांत अमेरिकेची ‘एंटरप्राइज’ ही आठ अणुभट्ट्यांची विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरांत शिरली. तिच्या मागावर सोव्हिएत रशियाचीं जहाजें व पाणबुड्या आल्या. त्यांत अणुशक्तीवर चालणाऱ्याहि होत्या. भारताच्या दारच्या समुद्रांत दोन परकीं आरमारें एकमेकांस जोखीत राहिलीं. भारताजवळ होत्या त्या डिझेलच्या पाणबुड्या. अशी बोट पाण्याखालीं विजेच्या घटांवर चालते. ते घट भरावयास एंजिन चालवावें लागतें, एंजिनाला हवा लागते, आणि हवेसाठीं बोटीला पृष्ठभागाजवळ यावें लागतें. तेथेंच ती शत्रूला सांपडते. अणुभट्टीला हवेची गरज नाहीं. तिच्यावर चालणारी बोट महिनेच्या महिने खालीं राहूं शकते, आणि तिला परत फिरवितो तो बहुधा खलाशांचा संपत आलेला शिधा!

१९८८ त सोव्हिएत रशियाकडून ‘चक्र’ ही अणुपाणबुडी तीन वर्षांच्या भाडेकरारावर विशाखापट्टणास आली. अण्वस्त्रें तिच्यावर नव्हतीं. १९९१ त ती परत गेली. याच नांवाची दुसरी २०१२ त आली. तीहि २०२१ त परत गेली. मात्र येथें उसनवारीचा हिशेब विजयदुर्गाहून वेगळा झाला. अशी बोट चालविण्याची जी विद्या भारतीय नौसैनिक शिकले, ती परत करावी लागली नाहीं. शिवाय स्वतःच्या बोटीचें काम घरीं चाललेंच होतें. भट्टीचा आराखडा मुंबईस ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रांत झाला, तिचा नमुना कल्पाक्कम येथें चालवून पाहण्यांत आला, आणि २६ जुलै २००९ रोजीं विशाखापट्टणास ‘अरिहंत’ पाण्यांत उतरली. त्या प्रसंगीं पंतप्रधान मनमोहन सिंग यांनीं रशियाच्या साहाय्याबद्दल जाहीर आभार मानले. तें साहाय्य लपविण्यासारखें नव्हतेंच.

पाण्यांत उतरणें आणि कामास लागणें यांत पुष्कळ अंतर असतें. ‘अरिहंत’ची भट्टी २०१३ च्या ऑगस्टांत सुरू झाली, २०१६ त ती नौदलांत दाखल झाली, आणि अण्वस्त्रप्रतिरोधाची पहिली गस्त पुरी झाल्याचें २०१८ च्या नोव्हेंबरांत सांगण्यांत आलें. तिच्यावरील पहिल्या क्षेपणास्त्राचा पल्ला सुमारें ७५० किलोमीटर. बंगालच्या उपसागरांतून चीनच्या मोठ्या शहरांपर्यंत पोहोंचावयास तो अपुरा होता. म्हणून सुमारें ३,५०० किलोमीटर पल्ल्याचें दुसरें क्षेपणास्त्र बनविण्यांत आलें; २०२४ च्या ऑगस्टांत दाखल झालेल्या ‘अरिघात’वरून तें त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत डागून पाहण्यांत आलें.