बंगळूरचे दफ्तर

बंगळूरहून होसूरच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघाले की इलेक्ट्रॉनिक सिटीनंतर बोम्मसंद्रा लागते. महाराष्ट्रातून नोकरीनिमित्त त्या शहरात गेलेल्या अनेक कुटुंबांना हे नाव औद्योगिक वसाहतीमुळे परिचयाचे आहे. अलीकडे तेथपर्यंत मेट्रोही पोहोचली आहे. कारखान्यांच्या या गर्दीत जुने असे काही उरले असेल, असे सहसा कोणाला वाटत नाही. तरीही गावाच्या नावातला ‘संद्र’ हा ‘समुद्र’ या शब्दाचा अपभ्रंश आहे आणि त्या मुलखात समुद्र म्हणजे बांधलेले मोठे तळे. एखाद्या बोम्माच्या तळ्याची आठवण गावाच्या नावात अशी टिकून राहिली आहे.

तेथून वायव्येस काही किलोमीटरवर बेगूर आहे. तेथील नागेश्वर मंदिराच्या आवारात नवव्या शतकाच्या अखेरीचा, गंग राजवटीतला एक कन्नड वीरगळ आहे. ‘बंगळूरच्या लढाईत’ पडलेल्या वीराची नोंद त्यावर कोरलेली आहे. होयसळ राजा वीर बल्लाळ याला एका म्हातारीने उकडलेले दाणे खाऊ घातले आणि त्यावरून गावाला ‘बेंदकाळूरु’ हे नाव पडले, अशी लोककथा प्रसिद्ध आहे. परंतु वीर बल्लाळ बाराव्या शतकातला आणि शिलालेख त्याच्या तीनशे वर्षे आधीचा. कथेची गोडी कायम राहते. मात्र नावाचा जन्म तिच्याकडून काढून घेतला जातो. मूळ साधन हाती असणे आणि नसणे यांतला फरक या एका दगडावरून कळतो.

अशी साधने जपण्याचे काम बंगळुरात दीर्घकाळ चालू आहे. कस्तुरबा मार्गावरील सरकारी संग्रहालयाची स्थापना 1865 मध्ये झाली. इ.स. 949 चा प्रसिद्ध आतकूर शिलालेख तेथे आहे; रानडुकराशी झुंजताना मेलेल्या काली नावाच्या कुत्र्याचे स्मारक म्हणूनही तो ओळखला जातो. मेयो हॉलमध्ये नगरसंस्थापक केंपेगौडांच्या नावाचे संग्रहालय आहे. बी. एल. राइस यांनी ‘एपिग्राफिया कर्नाटिका’ या ग्रंथमालेत म्हैसूर संस्थानातील हजारो शिलालेख वाचून छापले. बंगळूर जिल्ह्याचा खंड 1905 मध्ये निघाला. शहर वाढले तसे त्यांतले कित्येक दगड रस्त्यांखाली आणि इमारतींच्या पायांत गेले. 1909 मध्ये स्थापन झालेल्या मिथिक सोसायटीने अलीकडे उरलेल्या शिलालेखांचे त्रिमितीय अंकीय ठसे घेण्याचे काम हाती घेतले. आता दगड हरवला तरी निदान त्याच्यावरील अक्षरे राहतील.

मराठी वाचकाचा या शहराशी आणखी एक संबंध आहे. 1638 मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने शहाजीराजांसह बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे झाले. बाल शिवाजीराजे जिजाबाईंसह काही काळ येथे राहिले. शहाजीराजांनंतर एकोजीराजांकडे हा मुलूख आला. ते तंजावरला स्थिरावल्यावर बंगळूर विकण्याची बोलणी म्हैसूरकरांशी झाली. परंतु 1687 मध्ये मोगलांनी शहर घेतले आणि पुढे ते चिक्कदेवराज वडियारांच्या हाती गेले. म्हणजे जवळजवळ अर्धशतक बंगळूर भोसल्यांकडे होते.

त्या अर्धशतकाची साधने आज कोठे आहेत? खुद्द शहरात त्यांचे प्रमाण अल्प आहे. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवस्थानाला एकोजीराजांनी एक गाव इनाम दिल्याचा 1669 चा शिलालेख आहे, तो कन्नडमध्ये. राज्यकर्ता मराठी, देवस्थान स्थानिक आणि लेखाची भाषा रयतेची, अशी ही नोंद आहे. बाकीचे धागे दूरदूर पसरले आहेत. शहाजीराजांच्या दरबाराचे वर्णन करणारा जयराम पिंड्ये यांचा ‘राधामाधवविलासचंपू’ इतिहासाचार्य राजवाड्यांनी प्रदीर्घ प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला, म्हणून तो वाचकांपुढे आला. एकोजीराजांच्या वंशजांचा कारभार तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदांत आहे, तर सरफोजीराजांनी 1803 मध्ये कोरविलेला भोसले वंशाचा इतिहास बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर आहे. बंगळूरच्या इतिहासाचे एक पान वाचायचे, तर अभ्यासकाला मल्लेश्वरमपासून तंजावरपर्यंत फिरावे लागते आणि कन्नड, संस्कृत व मराठी या तिन्ही भाषांची ओळख ठेवावी लागते.

साधने राहतात ती कोणीतरी ती राखतो म्हणून. पुण्यातील पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल टिकले, कारण पेशवाई गेल्यावरही जमीन आणि इनामांच्या हक्कांसाठी इंग्रज सरकारला ते कागद लागत होते. गो. स. सरदेसाई यांनी त्यांतील वेचे 45 खंडांत छापले, ते 1930 नंतर. राजवाडे तर गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यांवरची बासने उघडून कागद गोळा करीत. त्यांनी प्रसिद्ध केलेले ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे 22 खंड हे त्या पायपिटीचे फळ होय. जेथे वेळेवर कोणी पोहोचले नाही, तेथे वाळवी आणि कसर पोहोचली.

शाळेच्या हीरकमहोत्सवी वर्षी हा विषय दूरचा राहत नाही. प्रत्येक जुन्या शाळेच्या कपाटात एक दफ्तर असतेच. जनरल रजिस्टर, हजेरीपट, शेरेबुक, हस्तलिखिते, स्नेहसंमेलनांची छायाचित्रे हे त्या परिसराचे अस्सल साधनच होय. कोणत्या साली कोणत्या वस्तीतून मुले येऊ लागली, वडिलांचे व्यवसाय कसे बदलले, मुलींची संख्या केव्हा वाढली, हे दुसरीकडे इतक्या सलगपणे क्वचितच सापडते. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रभर जुन्या शाळांची रजिस्टरे पुन्हा उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. ज्या नोंदीकडे पिढ्यान्‌पिढ्या कोणी पाहिले नव्हते, तिच्यावर अचानक एखाद्या मुलाचा प्रवेश अवलंबून राहिला.

असे दफ्तर राखण्यास मोठे संग्रहालय लागत नाही. कोरडी जागा, कापडी बांधणी, पानांच्या स्वच्छ प्रतिमा आणि वस्तूंची यादी एवढ्याने प्रारंभ होतो. यादीत वस्तू कोणाकडून व केव्हा आली हे लिहावे. छायाचित्रामागे पेन्सिलीने नावे आणि साल लिहावे. माजी विद्यार्थ्यांच्या घरी प्रगतिपुस्तके, वर्गाचे फोटो, शिक्षकांची पत्रे असतात. ती शाळेच्या स्वाधीन करावीत, निदान त्यांच्या प्रती द्याव्यात. विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती मात्र जबाबदारीनेच खुली करावी. फोटोतील तिसऱ्या रांगेतल्या मुलाचे नाव सांगू शकणारी माणसे आज आहेत. त्यांच्याकडून ती नावे लिहून घेण्याचे काम पुढल्या महोत्सवापर्यंत लांबणीवर टाकता येणार नाही.