लाल औषध कोणी फोडलं?

फार्माकॉलॉजीच्या तासाला सल्फा औषधांचा धडा आला की मी फळ्यावर ‘प्रोंटोसिल’ लाल खडूने लिहायचे. मुलं हसायची. पण ते औषध खरंच लाल होतं, रंगांच्या धंद्यातून आलेलं. जर्मनीत एल्बरफेल्डला बायरच्या प्रयोगशाळेत मिट्झ्श आणि क्लारर नवनवीन रंगद्रव्यं घडवायचे, गेरहार्ड डोमाक ती उंदरांवर तपासायचे. डिसेंबर 1932 मध्ये त्यांनी स्ट्रेप्टोकोकसची लागण केलेल्या उंदरांच्या पोटात हे द्रव्य नळीने सोडलं. ज्यांना ते मिळालं ते 12 उंदीर जगले, बाकीचे मेले.

गंमत अशी, की परीक्षानळीत याच औषधापुढे जिवाणू खुशाल वाढत. डोमाक नळीतल्या निकालावर विसंबले असते तर प्रोंटोसिल तिथंच मोरीत गेलं असतं. त्यांच्या नोबेलपेक्षा मला याच गोष्टीचं कौतुक जास्त.

कोडं सुटलं 1935 मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये. त्रेफुएल पती-पत्नी, नित्ती आणि बोव्हे यांनी दाखवलं की लाल रेणू मधोमध तुटतो आणि त्यातला बिनरंगी तुकडा, सल्फॅनिलामाइड, हेच खरं औषध. ते व्हिएन्नाच्या गेल्मोने 1908 मध्येच बनवलेलं, पेटंटही संपलेलं! बायरच्या हातात उरला नुसता रंग.

आता तोडतं कोण? ‘शरीरात विघटन होते’ एवढं लिहून पुस्तकं मोकळी व्हायची. यकृत थोडंफार तोडतंही. पण 1971 मध्ये लंडनच्या सेंट मेरीज वैद्यकीय विद्यालयातल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं, की तोंडावाटे दिलेलं प्रोंटोसिल फोडण्यात आतड्यातल्या जिवाणूंचा मोठा वाटा असतो. त्यांचं अॅझोरिडक्टेज हे विकर दोन नायट्रोजनांमधला बंध हायड्रोजन जोडून तोडतं आणि रंग जातो. म्हणजे जिवाणूंना रोखणारं एक गाजलेलं कृत्रिम औषध पोटातले जिवाणूच तयार करून देत होते. घरभेदीपणा म्हणायचा तर हा!

स्वीडनच्या नाना स्वार्त्झ यांच्या सल्फासॅलाझिनमध्येही हाच बंध. संधिवातासाठी बनवलेलं ते औषध आतड्याच्या दाहावर, अल्सरेटिव्ह कोलायटिसवर लागू पडलं. 1972 मध्ये पेपरकॉर्न आणि गोल्डमन यांनी ते जन्मापासून जंतुरहित वाढवलेल्या उंदरांना दिलं. त्यांच्यात ते फुटलंच नाही. पुढे 1977 मध्ये ऑक्सफर्डला ढाक्याच्या आझाद खान यांनी सहकाऱ्यांसह त्याचे दोन्ही तुकडे, सल्फा आणि मेसालामिन, रुग्णांना वेगवेगळे देऊन पाहिले. गुण आला तो सल्फाने नव्हे, मेसालामिनने. मग सल्फाचे दुष्परिणाम सोसायचे कशाला? म्हणून ओल्सालाझिन आलं: मेसालामिनचेच दोन रेणू त्याच बंधाने जोडलेले. या खेपेला मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं काम आराखड्यातच धरलेलं होतं.