काका बाप्टिस्टा आणि ‘आपण मूठभर’

लोणावळ्यात ख्रिस्ती माणूस म्हटलं की लोकांना डॉन बॉस्को आठवतं, ऑक्झिलियम कॉन्व्हेंट आठवतं आणि नाताळचा केक. या शाळांत सगळ्यांची मुलं शिकली, त्याचा अभिमान आहेच. पण गावच्या पाण्याचा, कचऱ्याचा विषय निघाला की आपल्यातलेच बरेच जण म्हणतात, “आपण मूठभर, कशाला पुढे पुढे करायचं?” हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. आज त्याला इतिहासातून उत्तर शोधूया.

जोसेफ बाप्टिस्टा. जन्म १८६४, मुंबईत माझगावला, ईस्ट इंडियन कॅथलिक घरात. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले, म्हणजे आमच्याच बिरादरीतले! पुढे जंगल खात्यात नोकरी केली, मग केंब्रिजला शिकून बॅरिस्टर झाले.

त्या काळात ख्रिस्ती म्हणजे साहेबाच्या बाजूचा, असा समज होता. बाप्टिस्टांनी त्यावर भाषणं देत बसण्यापेक्षा सरळ कामाला सुरुवात केली. ते लोकमान्य टिळकांचे सल्लागार आणि जवळचे दोस्त झाले. एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली, तेव्हा अध्यक्ष होते बाप्टिस्टा आणि चिटणीस न. चिं. केळकर. १९२० मध्ये मुंबईत आयटकचं, म्हणजे कामगार संघटनांच्या देशव्यापी संघटनेचं, पहिलं अधिवेशन भरलं. अध्यक्ष लाला लजपतराय, स्वागताध्यक्ष बाप्टिस्टा. १९२५ मध्ये ते मुंबईचे महापौर झाले. लोक त्यांना ‘काका’ म्हणायचे. आता गंमत बघा, ज्या कामगारांसाठी ते उभे राहिले, त्यातले ख्रिस्ती असे कितीसे असणार? त्यांनी धर्म सोडला नाही आणि लपवलाही नाही. फक्त काम सगळ्यांचं केलं. म्हणून ते सगळ्यांचे काका झाले.

दुसरी गोष्ट १९४९ ची. १९३५ च्या कायद्याने ख्रिस्ती लोकांना विधिमंडळात वेगळे मतदारसंघ मिळाले होते. स्वातंत्र्यानंतर ते जाऊन राखीव जागा द्यायचा विचार झाला. पण मे १९४९ मध्ये घटना समितीने अल्पसंख्याकांच्या राखीव जागांचा विचारही सोडून दिला. सल्लागार समितीत हा ठराव मांडला तो हरेंद्र कुमार मुखर्जींनी. ते घटना समितीचे उपाध्यक्ष आणि स्वतः बंगाली ख्रिस्ती. थोडक्यात, आम्हाला वेगळी खुर्ची नको, सगळ्यांच्या पंगतीत बसू, अशी ही भूमिका. निर्णय मोठ्या मनाचा होता, पण त्यात एक अट लपलेली आहे. पंगतीत बसायचं ठरवलं तर पंगतीला जावं लागतं! घरी बसून राहिलं तर वेगळी खुर्चीही गेली आणि पंगतही गेली.

“हे सगळं जुनं झालं” असं कोणी म्हणेल. मग वसई बघा. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या हिरव्या पट्ट्यावर बिल्डरांची नजर पडली, तेव्हा हरित वसईच्या आंदोलनात फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते. वाचवायचं होतं ते विहिरीचं पाणी आणि वाड्या. आता विहिरीच्या पाण्याला कसला आलाय धर्म? याच फादरांना २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं. विरोधाचे सूरही निघाले, पण संमेलन झालं आणि फादर अध्यक्ष म्हणून बोलले. २०२४ मध्ये ते गेले, तेव्हा महाराष्ट्राने आपला माणूस गेला असंच म्हटलं.

आता आपल्याकडे या. इंद्रायणी आपल्या कुरवंड्याजवळ उगम पावते आणि मावळातून पुढे देहू-आळंदीला जाते. पावसाळ्यात वीकेंडची गर्दी झाली की कचरा कुठे जातो, हे आपल्याला कोणी सांगायला नको. वारकरी ज्या पाण्यात उतरतात, ते इथून स्वच्छ निघावं, हे बघणं आपलंही काम आहे. शेजाऱ्यावर प्रीती करा, हे आपण दर रविवारी ऐकतो. नदीच्या खालच्या अंगाला राहणारा शेजारीच की!

मावळातल्या गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर अशा तारखांना ग्रामसभा भरतात. शहरात नगरपरिषद आहे, हरकती-सूचना मागवल्या जातात. उपकार म्हणून जायचं नाही आणि घाबरत तर अजिबात नाही. गावचे म्हणून जायचं. एक प्रश्न विचारायचा, उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा करायचा. मूठभर आहोत हे खरंच आहे. पण बेळगावला अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेला ख्रिस्ती माणूस एकच होता.

पुढच्या भागात भेटू. तोवर तुमच्या ग्रामसभेची तारीख काढून ठेवा.