गाडीचे पाटे-शॉकअप गेलेत, हे कसं ओळखायचं? गॅरेजला जाण्याआधी घरीच करा तपासणी

पावसाळ्यात रस्त्यांची चाळण होते आणि त्याचा हिशेब पुढे गॅरेजवर द्यावा लागतो. कांदा, दूध, भाजीपाला वाहणाऱ्या पिकअपचे पाटे तुटतात, दुचाकीचे शॉकअप गळायला लागतात. ‘रस्ताच खराब, गाडी आदळणारच’ म्हणून बरेच जण दुर्लक्ष करतात. पण चांगल्या डांबरी रस्त्यावरही गाडी आदळत असेल, तर दोष रस्त्याचा नाही.

स्प्रिंग किंवा पाटे वजन पेलतात आणि धक्का झेलतात. धक्क्यानंतर गाडी वर-खाली हलत राहू नये, ते काम शॉकअपचं. शॉकअप गेला की चाक रस्त्यावर नीट टेकत नाही. चाक उसळलेलं असतं, तेवढा वेळ ना ब्रेक लागतो ना स्टिअरिंग ऐकतं. त्यामुळे हा नुसता कंबरदुखीचा विषय नाही, गाडीत बसलेल्यांच्या जिवाचा आहे.

चारचाकीत काय बघायचं?

१) दाबून बघा : गाडी सपाट जागी उभी करा. एका कोपऱ्यावर जोर देऊन दाबा आणि सोडा. गाडी वर येऊन एक-दीड हेलकाव्यात थांबली पाहिजे. दोनपेक्षा जास्त वेळा डोलली तर त्या बाजूचा शॉकअप कमजोर झालाय. रिकाम्या पिकअपचे मागचे पाटे कडक असतात, तिथे ही युक्ती फारशी चालत नाही. तिथे खाली बघूनच खात्री करावी लागते.

२) झुकाव : चारही टायरमध्ये बरोबर हवा भरा. गाडी रिकामी असताना जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंचं अंतर टेपने मोजा. एक बाजू स्पष्ट खाली असेल तर पाटा किंवा स्प्रिंग बसलेली अथवा तुटलेली असू शकते.

३) तेल : शॉकअपवर धूळ चिकटलेली असणं वेगळं आणि तो तेलाने ओला असणं वेगळं. तेल ओघळत असेल तर तो बदलावाच लागतो.

४) टायर : टायरवरून हात फिरवा. जागोजागी खड्डे-उंचवटे लागले तर शॉकअपवर संशय घ्या. एकच कड घासली असेल तर अलाइनमेंट, बुश किंवा बॉल जॉइंट तपासून घ्या.

५) आवाज : छोट्या खड्ड्यात ‘टक-टक’ आवाज आला तर बहुधा लिंक रॉड, बॉल जॉइंट किंवा बुश झिजलेला असतो. ‘कुई-कुई’ आवाज आला तर बुश सुकलेत. गतिरोधकावर ‘धप्प’ आवाज आला तर स्प्रिंग पूर्ण दबून गाडी रबरावर आपटतेय.

६) ब्रेक आणि वळण : ब्रेक मारल्यावर गाडीचं नाक जास्तच खाली जाणं, वळणावर एका अंगाला कलणं, ही दोन्ही लक्षणं दुर्लक्ष करण्यासारखी नाहीत.

पिकअपवाल्यांनी पाट्यांचा सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट वरचेवर बघावेत. सेंटर बोल्ट तुटला की अ‍ॅक्सल जागेवरून सरकतो आणि सरळ रस्त्यावरही गाडी मागून तिरकी चाललेली दिसते.

दुचाकीत काय बघायचं?

पुढच्या शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओघळ दिसला, तर ऑइल सील गेलंय. हे तेल डिस्कवर उतरलं की पुढचा ब्रेक ऐनवेळी लागत नाही. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि गाडी मागे-पुढे हलवा. हँडलपाशी ‘टक’ जाणवलं तर कोनसेट ढिला असू शकतो. गाडी मेन स्टँडवर लावून मागचं चाक आडवं हलवा. ते हलत असेल तर स्विंगआर्मचे बुश किंवा चाकाची बेअरिंग तपासा.

जादा पाटा टाकणं हा उपाय नाही

माल जास्त बसावा म्हणून काही जण एखादा पाटा वाढवून घेतात. त्याने गाडी खाली बसत नाही, पण ब्रेक, टायर, अ‍ॅक्सल आणि चेसिस आहे तेवढ्याच ताकदीचे राहतात. शिवाय मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा भारासाठी २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २ हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

कधी थांबायचं?

पाटा तुटला, सेंटर बोल्ट किंवा यू-बोल्ट गेला, बॉल जॉइंट ढिला झाला, डिस्कवर तेल आलं, तर गाडी तिथेच थांबवा. ‘तेवढी एक खेप मारून येतो’ हे अशा वेळी महागात पडतं. शाळेची मुलं किंवा मजूर नेणाऱ्या गाडीत तर अजिबात नको. बुशचा हलका आवाज असेल तर चार-आठ दिवस चालतं, पण काम पुढे ढकलत राहू नका.

शॉकअप एकच न बदलता पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही बदलावेत. पुढचं काम झालं की अलाइनमेंट करून घ्यावी. काढलेले जुने सामान मिस्त्रीकडून मागून बघावं. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. चाकाला दगड आणि खाली भक्कम टेकू लावल्याशिवाय हात घालू नका.