विजेची गाडी आणि तिची निगा

मुलुंडला आम्ही राहतो त्या इमारतीच्या आवारात माझ्या पुतण्याने दोन वर्षांपूर्वी विजेवर चालणारी मोटार आणून उभी केली. पेढ्यांचा पुडा माझ्या हाती देत तो म्हणाला, "अण्णाकाका, आता तेल नको, धूर नको, गॅरेजच्या फेऱ्या नकोत. हिला काही करावेच लागत नाही." पस्तीस वर्षे वर्गात घालविलेल्या मास्तराला 'काही करावेच लागत नाही' हे वाक्य ऐकले की शंका येते. पण पेढा खाताना वाद घालू नये, म्हणून मी गप्प राहिलो. त्या वाक्याचे उत्तर मुंबईच्या इतिहासातच आहे. विजेच्या गाड्या सांभाळण्याचा या नगरीचा अनुभव शंभर वर्षांहून अधिक जुना आहे.

मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली ती ९ मे १८७४ रोजी आणि विजेची ७ मे १९०७ रोजी. घोडा गेला, त्याबरोबर तबेला गेला, नालबंद गेला, दाणावैरणही गेली. घोडा दमला म्हणजे तोंडाला फेस येतो, ते कोणालाही दिसते. विजेची ट्राम दमलेली दिसत नाही एवढेच. झिजत मात्र तीही असते. तिच्या मोटरीत तांब्याच्या फिरत्या चकतीवर कोळशाचे लहान ठोकळे सतत घासत असतात. त्यांना ब्रश म्हणतात. ते झिजले की बदलावे लागत. चालक ज्या मुठीने वेग कमीजास्त करी, तिच्या पेटीतील तांब्याची टोके ठिणग्यांनी जळत आणि ती कानशीने घासून साफ करावी लागत. ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. तोवर रात्री डेपोत हेच चालले असणार.

आमच्या उपनगरांच्या वाट्याला मात्र ट्राम आलीच नाही. आम्हाला वीज भेटली ती रुळांवर. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत हिंदुस्थानातील पहिली विजेची आगगाडी धावली. ५ जानेवारी १९२८ पासून पश्चिमेच्या मार्गावर कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या चालू झाल्या, त्यामुळे अंधेरीलाही त्या मिळाल्या. त्याच दशकात घाटकोपर, मुलुंडवरून ही वीज कल्याणपर्यंत पोहोचली. वाफेच्या इंजिनाची राख, बंबात साचणारा क्षार, पहाटे तासन् तास आधी पेटवावी लागणारी भट्टी, या साऱ्यांतून सुटका झाली खरी. परंतु त्याच वेळी एक नवी वास्तू अपरिहार्य झाली. ती म्हणजे कारशेड.

कुर्ल्याची कारशेड लोकलच्या खिडकीतून आपण सर्वांनी पाहिली आहे. आत काय चालते याचा विचार क्वचितच केला असेल. जुन्या गाड्या १५०० व्होल्ट एकदिश विजेवर चालत. त्यांच्याही मोटरींत तेच कोळशाचे ब्रश होते. ब्रश झिजून त्याची काळी भुकटी मोटरीच्या आत तारांच्या आवरणावर बसते. कोळसा विजेला वाट देतो. त्यात पावसाळ्यातील दमट हवा मिळाली की विजेने आतल्या आत उडी घेतलीच म्हणून समजा. म्हणून गाड्या ठरल्या दिवशी शेडमध्ये यावयाच्या, दाबाच्या हवेने भुकटी उडवावयाची, ब्रशची लांबी मोजावयाची, आवरण शाबूत आहे की नाही हे यंत्र लावून पाहावयाचे, आणि ते सारे नोंदवहीत लिहावयाचे. माझ्या मते या संपूर्ण व्यवस्थेतील सर्वांत थोर वस्तू ती नोंदवहीच होय. गाडी बिघडली नसतानाही तिची नोंद होत असे.

पुढे २००७ पासून नव्या धर्तीच्या गाड्या आल्या. त्यांच्या मोटरींना ब्रशच नाहीत, आणि ब्रेक लावताना त्या वीज उलट तारेत परत पाठवितात. पश्चिम मार्गावर २०१२ साली, मध्य मार्गावर २०१५ साली आणि हार्बरवर २०१६ साली जुनी एकदिश वीज जाऊन २५,००० व्होल्टची वीज आली. ब्रशची भुकटी गेली. तिच्या जागी नाजूक इलेक्ट्रॉनिक भाग आले. त्यांना उष्णता सोसत नाही.

पाण्याचे भय मात्र सर्व काळात सारखेच राहिले. लोकलच्या मोटरी डब्याखाली चाकांच्या आसाजवळ असतात, म्हणून रुळांवर पाणी चढले की गाड्या थांबवाव्या लागतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. बुडालेली मोटर वरून पुसून चालत नाही. ती काढून, धुऊन, उष्णतेने पूर्ण वाळवून, आवरण तपासल्यावाचून तिच्यात वीज सोडता येत नाही.

आता पुतण्याच्या मोटारीकडे येतो. ही मोटारही नवलाईची नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत विजेच्या मोटारी पुष्कळ होत्या. इंजिनाचे हँडल मारण्याचे कष्ट नकोत, म्हणून स्त्रिया त्या विशेष पसंत करीत. १९१२ साली पेट्रोलच्या मोटारीस आपोआप सुरू होण्याचे साधन मिळाले आणि यांची सद्दी ओसरू लागली. त्या गाड्यांच्या शिशाच्या बॅटरीत शुद्ध पाणी घालीत राहावे लागे. न घातल्यास पत्रे उघडे पडून निकामी होत. आपल्याकडे २००१ साली बंगळूरहून निघालेल्या 'रेवा' मोटारीतही आरंभी शिशाचीच बॅटरी होती. आजच्या लिथियमच्या बॅटरीला पाणी पाजावे लागत नाही. इतपत पुतण्याचे म्हणणे खरे होते.

गेल्या दिवाळीत ही मंडळी तीन आठवडे गावी गेली. परतल्यावर दुसऱ्याच दिवशी वहिनींना डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी घाटकोपरला न्यावयाचे होते. गाडी उघडेचना. मोठ्या बॅटरीत साठ टक्के वीज शिल्लक होती आणि गाडी मेल्यासारखी पडलेली! कारण असे की, दारे, दिवे आणि गाडीचा संगणक चालतो तो एका लहान, बारा व्होल्टच्या बॅटरीवर. ती उतरली की मोठीचा खटका पडतच नाही. आम्ही रिक्षाने गेलो आणि शस्त्रक्रिया वेळेवर झाली. पण आवारातून रस्त्यापर्यंत पुतण्या जो मान खाली घालून चालला, ते मी विसरणार नाही.

त्यानंतर मी त्याच्याकडून माहितीपुस्तक मागून घेतले आणि चष्मा पुसून वाचले. गाडी वजनाने भारी आणि सुटताना जोरकस, म्हणून टायर लवकर झिजतात. वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटरच करते, त्यामुळे ब्रेकच्या तबकड्या वापरावाचून आमच्या खाऱ्या हवेत गंजतात. त्या वर्षातून एकदा साफ करून घ्याव्यात. बॅटरी थंड ठेवणारे द्रव्य तपासावे लागते. काही जातींच्या बॅटरी रोज ८० टक्क्यांवरच थांबवाव्यात, तर काही अधूनमधून पूर्ण भराव्यात, नाहीतर शिल्लक किती हे गाडीलाच नीट कळत नाही. तेव्हा शेजाऱ्याचे ऐकण्यापेक्षा आपल्या गाडीचे पुस्तक पाहावे हे बरे. वीज भरण्याच्या खोक्याला भूमीशी जोडणारी तार पक्की हवी. आमच्या सोसायटीत एक गृहस्थ दुसऱ्या मजल्यावरून लोंबती वायर सोडून गाडी भरीत. ते पाहून मला रात्री झोप येईना, तेव्हा सभेत मी तो विषय काढला आणि मीटरपासून स्वतंत्र तार घेण्याचा ठराव झाला.

पाण्याविषयी विक्रेते सांगतात की पेटी एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकते. पण ती परीक्षा नव्या पेटीची आणि स्वच्छ पाण्यातील. कुर्ला-शीव भागात तुंबणारे पाणी तसे नसते, आणि खड्ड्यांत आपटून पेटीचा तळ चेपलेला असेल तर तीही नवी राहत नाही. पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरू करू नये, तिला वीज भरावयास लावू नये; उचलून न्यावी आणि तपासून घ्यावी.

तेव्हापासून आमच्याकडे एक शंभर पानी वही आहे. रविवारी सकाळी पुतण्या टायरची हवा मोजतो, गाडीखाली वाकून पाहतो आणि आकडे सांगतो; ते मी लिहून घेतो. मे महिन्यात मंडळी पुन्हा गावी जाणार आहेत, तेव्हा लहान बॅटरीचे काय करावे याचे पान पुतण्याने आताच वहीत चिकटवून ठेवले आहे.