फुलाचा अर्थ कोणी सांगायचा? जॉर्जिया ओ'कीफची गोष्ट

१/९
नोव्हेंबर २०१४, न्यूयॉर्क. धोतऱ्याच्या एका पांढऱ्या फुलाचे चित्र लिलावात ४.४४ कोटी डॉलरला विकले गेले. स्त्री चित्रकाराच्या कलाकृतीला तोवर मिळालेली ही सर्वोच्च किंमत. चित्र १९३२ चे, चित्रकर्ती जॉर्जिया ओ'कीफ. तिच्या फुलांना मोल मिळाले. त्या फुलांविषयीच्या तिच्या शब्दाला मात्र फारसे मिळाले नाही. #इतिहास #थ्रेड

२/९
जन्म १८८७, विस्कॉन्सिनमधील शेतकरी कुटुंबात. शिकागो आणि न्यूयॉर्क येथे रीतसर कलाशिक्षण. हुबेहूब चित्रणात ती निपुण होती, तरी त्यात मन रमेना. पुढे आर्थर वेस्ली डाव या कलाशिक्षकाच्या विचारांनी दिशा दिली. जपानी कलेच्या अभ्यासातून तो सांगे की चित्र म्हणजे निसर्गाची नक्कल नव्हे. रेषा, छायाप्रकाश आणि रंग यांनी अवकाश सुंदर रीतीने भरणे होय.

३/९
१९१५ मध्ये साउथ कॅरोलायनात शिकवत असताना तिने रंग बाजूला ठेवले आणि केवळ कोळशाने अमूर्त आकार रेखाटले. ती रेखाटने तिने मैत्रीण ॲनिटा पॉलिट्झर हिला धाडली. १ जानेवारी १९१६ रोजी ॲनिटाने ती छायाचित्रकार आणि कलादालनचालक आल्फ्रेड स्टिग्लिट्झला दाखवली. मे महिन्यात त्याने ती परस्पर प्रदर्शित केली! ओ'कीफने जाऊन जाब विचारला. चित्रे मात्र भिंतीवरच राहिली.

४/९
याच स्टिग्लिट्झशी तिने १९२४ मध्ये विवाह केला. त्याआधी, १९२१ मध्ये, त्याने तिची अनेक छायाचित्रे प्रदर्शनात मांडली होती. त्यांत काही विवस्त्र होती. १९२३ मध्ये तिची स्वतःची चित्रे मोठ्या संख्येने लोकांसमोर आली, तेव्हा समीक्षकांनी कॅनव्हासवर तिचा देहच शोधला. फ्रॉइडच्या सिद्धान्तांची तेव्हा चलती होती आणि स्टिग्लिट्झचाही अशा अर्थाला दुजोरा होता.

५/९
१९२४ पासून तिने फुले प्रचंड आकारात रंगवली. ना फुलदाणी, ना पार्श्वभूमी; पाकळ्या थेट चौकटीला भिडलेल्या. कारण तिनेच सांगितले आहे : लहानसे फूल कोणी पाहत नाही, पाहायला वेळ लागतो. ते मोठे केले, तर न्यूयॉर्कच्या धावपळीतला माणूसही थबकेल.

६/९
१९३० ची 'जॅक-इन-द-पल्पिट' मालिका पाहावी. हे रानफूल आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात उगवणाऱ्या सापकांद्याचे भाऊबंद. चित्रे सहा. आरंभी पानांसह ओळखू येणारे फूल. मग एकेक तपशील गळत जातो आणि अखेरीस उरतो तो आतला दांडा व त्याभोवतीचे तेजोवलय. अमूर्ताकडे ती कल्पनेतून नव्हे, निरखण्यातून पोहोचली.

७/९
१९३९ च्या प्रदर्शन-पुस्तिकेत तिने स्पष्ट लिहिले. आशय असा : मी तुम्हांला थांबून फूल पाहायला लावले, तुम्ही फुलांविषयीच्या तुमच्याच कल्पना माझ्या फुलावर टांगल्या आणि जणू त्या माझ्याच आहेत असे लिहिले. त्या माझ्या नाहीत.

८/९
१९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने तिचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले. तेथे हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. सत्तरच्या दशकात स्त्रीवादी कलावंतांनी तिला पूर्वसूरी मानले. ज्युडी शिकागोच्या 'द डिनर पार्टी'त (१९७९) तिच्या नावाची थाळी आहे. हेतू गौरवाचा, पण फुलाचा अर्थ पुन्हा स्त्रीदेह हाच! स्त्रियांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या नॅशनल वुमन्स पार्टीची ती सदस्य होती. तरीही 'स्त्री चित्रकार' हे बिरुद तिने नाकारले.

९/९
कलावंताचा शब्द अंतिम नसतो. प्रेक्षकालाही अर्थ लावण्याचा अधिकार आहेच. पण इतिहासात साक्ष नोंदवून मग तपासायची असते. ओ'कीफची साक्ष तपासण्याआधीच बाजूला सारली गेली. १९८६ मध्ये, ९८ व्या वर्षी, तिचे न्यू मेक्सिकोत निधन झाले. धोतरा आपण महादेवाला वाहतो आणि एरवी विषारी म्हणून दूर ठेवतो. तिची मागणी एवढीच होती : अर्थ लावण्यापूर्वी तो एकदा नीट पाहा.